काशीमीऱ्याच्या बुरशीवाल्या बाई

त्या बाई रस्त्याने येताना दिसल्या की पेणकरपाड्यातली माणसं तोंड मिटून घ्यायची. नमस्कार करायचा तो नुसती मान हलवून. कारण बाईंची सवय. समोर कोण आहे, कुठल्या घाईत आहे, काही बघायचं नाही. पिशवीतून पेनाएवढी बॅटरी काढायची आणि म्हणायचं, "आ करा." माणूस गोंधळून आ करायचा. बाई टाळूवर उजेड टाकायच्या, आत डोकवायच्या, "मिटा" म्हणायच्या आणि चालू लागायच्या. भाजीवाली, पोस्टमन, वरातीत नाचणारा कोणाचा तरी मामा, कोणी सुटलं नाही. नाक्यावरच्या हवालदाराला त्यांनी तोंडातली शिट्टी काढायला लावली होती. एक रिक्षावाला तर बाई बसल्या की आधीच सांगायचा, "मॅडम, कल देखा था आपने, सब ठीक है." बाई म्हणायच्या, "कल का कल गया."

बाई काय शोधतात ते कोणाला ठाऊक नव्हतं. आमच्या चाळीची मालकीण म्हणजे मूळची इथली आगरी म्हातारी. तिचं मत असं, की "तिचा सोन्याचा दात कोनीतरी चोरलाय, त्यो बघत फिरतं ती. दुसरं काय न्हाय." मला ते पटलं होतं.

मी रंगारी. शाळा चौथीपर्यंत, तीही माणगावकडची, आणि त्यातलं एक वर्ष मास्तरांच्या घराला चुना देण्यात गेलं. शिकलेल्या माणसांबद्दल लिहायचा मला काही अधिकार नाही. पण आठ महिन्यांपूर्वी आमची मंडळी गेली. भेटायला आलेले लोक फोटोकडे बघून हमखास विचारायचे, वहिनींच्या उजव्या डोळ्याला काय झालं होतं हो? मी सांगायचो, जुनं दुखणं. डोळ्याचं सांगायचं तर बाईंचं सांगावं लागतं, आणि बाईंचं सांगायचं तर माझं. म्हणून आजवर टाळलं.

बाई मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होत्या. सुई-गोळीच्या नव्हे. माणसाच्या अंगातला तुकडा, थुंकी, पू काचेवर घेऊन दुर्बिणीखाली बघायचं आणि रोग कुठला ते सांगायचं, ते काम. त्यातही त्यांचा जीव बुरशीवर. रिटायर झाल्यावर सिल्व्हर पार्कला एक फ्लॅट घेतला आणि काशीमीऱ्याला एका गॅरेजच्या मागे गाळा घेऊन लॅबोरेटरी टाकली. पाटीवर लिहिलं होतं, रक्त, लघवी, शौच तपासणी. त्याच्याखाली बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, बुरशी केव्हाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हाची ही गोष्ट. मीरारोडला बिल्डिंगा अशा उठत होत्या की रंगाऱ्याला उसंत नव्हती. मी एक काम अर्धं टाकून दुसरं धरायचो, दुसरं अर्धं टाकून तिसरं. रंगाऱ्याचं काम संपत नाही, रंगारी निघून जातो. अशा दिवसांत बाईंनी मला लॅबोरेटरी रंगवायला बोलावलं.

गाळ्याच्या मागच्या भिंतीला हिरवी-काळी बुरशी. इथली हवा खारी, विटा खाऱ्या, त्यात वर कोणाची तरी मोरी. मी म्हटलं, "बाई, काळजी करू नका. वरून दोन हात मारतो, दिसणार नाही."

"दिसणार नाही," बाई म्हणाल्या, "म्हणजे जाणार नाही."

"दिसलीच नाही तर असली काय, नसली काय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "रंगारी, आधी खरवड."

"किती खरवडू?"

"खाली कोरडं, घट्ट लागेपर्यंत. झाकलंस तर आत वाढते."

मी पत्रा घेऊन खरवडायला लागलो. जे पडलं त्यातली चिमूटभर बाईंनी काचेवर घेतली आणि दुर्बिणीखाली ठेवली. ही दुर्बीण एका टेबलावर, आणि टेबलाच्या चारी पायांखाली टायरच्या ट्यूबचे जाड तुकडे. कारण हायवेवरून ट्रक गेला की काचेवरचं सगळं नाचायचं. बाई डोळा लावून बसायच्या आणि एक बोट वर करायच्या, म्हणजे थांब, ट्रक आहे. बोट खाली आलं की बघायचं. काशीमीऱ्याला दोन ट्रकांच्या मध्ये जेवढी जागा सापडते तेवढ्यात त्या बाईने आयुष्याचं काम केलं. एवढ्या चांगल्या डॉक्टरने असली हलणारी जागा का घेतली असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "भिंत बघून घेतली. अशी भिंत मुंबईत मिळत नाही."

मला म्हणाल्या, "ये, बघ." मी डोळा लावला. काळं काळं गवत दिसलं, वाऱ्यावर हलणारं. मी म्हटलं, "वा, फार सुंदर. गवतासारखी आहे." बाई म्हणाल्या, "त्या तुझ्या पापण्या आहेत."

मी चुन्यात मोरचूद घालून भिंत मारतो म्हटलं, म्हणजे परत येणार नाही. तेवढं त्यांना पटलं. पण कोपऱ्यात हातभर चौकोन सोडायला लावला. म्हणाल्या, "सगळ्यांना घालवून मी एकटी काय करू?"

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. खिडकीच्या फळीवर डबे होते. एकात पाव, एकात भाकरीचा तुकडा, एकात नारळाची कातळी, सगळ्यांवर केस आलेले. पांढरे, हिरवे, एकावर काळ्या टोपीचे. बाई रोज सकाळी झाकण उघडून चौकशी केल्यासारखं बघायच्या. आलेल्याला बिस्किटं द्यायच्या तीही त्याच फळीवरून. कोणी खायचं नाही. मी खायचो. हावरटपणाला शाळा लागत नाही.

एकदा बिस्किट खाता खाता मी विचारलं, "बाई, लोकांच्या तोंडात काय बघता?" तेव्हा त्यांनी सांगितलं. बुरशी हवेत सगळीकडे आहे. आत्ता तुझ्या नाकातही आहे. पण ती धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाही, ती पडलेला माणूस बघते. साखर हाताबाहेर गेलेला, दुसऱ्याची किडनी बसवलेला, कॅन्सरच्या औषधांनी रक्तातला जोर गेलेला. अशा माणसाच्या नाकातून आत शिरते, टाळूवर काळा डाग पाडते, तिथून डोळ्यात, डोळ्यातून मेंदूत. फुप्फुसात उतरली तर लोक निमोनिया समजतात. "कागदावर निमोनिया लिहिलेली माणसं मी मेल्यानंतर उघडून बघितली आहेत," बाई म्हणाल्या. "आत बुरशी. कोणी शोधली नाही म्हणून सापडली नाही. मला दिसायची ती नेहमी मेल्यावर दिसायची. एकदा तरी वेळेवर दिसू दे."

आसपासचे डॉक्टर त्यांना टाळायचे. बाई त्यांच्या दवाखान्यात जाऊन पेशंटांदेखत विचारायच्या, ह्यांची साखर कधी बघितली? असं विचारल्यावर कोण कशाला तुमच्याकडे तपासण्या पाठवेल.

आता माझ्या घरचं. आमच्या हिला साखर होती. गोळ्यांनी भागेना म्हणून इंजेक्शन सुरू झालं. फ्रिज आमच्याकडे नव्हता, बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची आणि हिला टोचायचं, हे काम माझं. हात माझा चांगला होता. चाळीस फूट उंच परांचीवर उभा राहून रंग मारणाऱ्याचा हात हलत नाही.

एकदा बाटली आणायला गेलो. मेडिकलवाला गुजराती, माझ्याशी हिंदीत बोलायचा. बाटली देताना सहज म्हणाला, "पेंटरभाय, संभालके रखना. ये गाय का है, बाहर से आता है." तेव्हाचं इन्शुलिन जनावराच्या पोटातून काढलेलं असायचं, गाईच्या नाहीतर डुकराच्या. मला हे माहीत नव्हतं. मला त्याची गंमत वाटली. काही माणसांच्या पोटात अन्न राहत नाही, माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. रात्री जेवताना हिला म्हटलं, "अगं, रोज सकाळी मी तुला गाय टोचतोय." आणि मीच हसलो. हिने हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा दंड पुढे केला. मी विसरून गेलो. ती विसरली नव्हती.

नवरात्र आलं. घट बसले त्या सकाळी मी सिरिंज उकळायला ठेवली तर ही म्हणाली, "नऊ दिवस नको. देवीच्या दिवसांत ते अंगात नको."

मी काय म्हणायला हवं होतं ते आज पोरालाही कळेल. मी म्हटलं, "बरं."

देवीचं भय होतंच, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सकाळी अर्धा तास जास्त झोपायला मिळणार होतं. नऊ दिवसांनी काय होतंय, असा हिशेब. त्यात उपासाचं खाणं, साबुदाणा, रताळी, केळी. मीही हिच्याबरोबर उपास धरला होता, म्हणजे दोन वेळा जेवून वर साबुदाणा खात होतो.

पाचव्या माळेला हिचं डोकं दुखायला लागलं. सहाव्याला उजवा गाल सुजला. गल्लीतल्या डॉक्टरांनी दाढ सांगितली, कॅप्सूल दिल्या आणि विचारलं, साखरेचं औषध चालू आहे ना? मी म्हटलं, हो. डॉक्टर ओरडतील म्हणून म्हटलं. घरी येऊन लवंग लावली, मिठाने शेकलं. सातव्याला उजवी पापणी खाली आली ती वर होईना. नाकातून काळं आलं. मी म्हटलं, धुपाचा धूर गेला असेल.

आठव्या दिवशी बाई आमच्या दारात. मला शिव्या द्यायला आल्या होत्या. लॅबोरेटरीचं दार परत रंगवायला घेतलं होतं मी, आणि प्रायमर मारून तीन आठवडे गायब. दारातूनच सुरुवात झाली, "रंगारी, लग्नात पण अंतरपाट धरायला लावून पळाला होतास काय?" मागे मालकीणबाई आणि शेजारच्या तिघीजणी गंमत बघायला उभ्या.

आणि बाई बोलता बोलता थांबल्या. नाक वर केलं.

"पिकलेल्या फळाचा वास कसला?"

"उपासाची केळी आहेत," मी म्हटलं.

बाई सरळ आत. खाटेवर ही पडलेली. बाई वाकल्या, हिच्या श्वासाचा वास घेतला. "केळी नाहीत ही, साखर चढल्याचा वास आहे," असं म्हणून बॅटरी काढली. "आ करा बाई."

मला अरेतुरे करायच्या, पण हिला पहिल्यापासून अहोजाहो. हिने कसंबसं तोंड उघडलं. बाईंनी उजेड टाकला. आणि ह्या वेळी "मिटा" म्हणाल्या नाहीत. बोट आत घालून टाळूला लावलं. "दुखतंय?" हिने मान हलवली, नाही. बाईंचा चेहरा पडला. न दुखणं वाईट, हे मला मागाहून कळलं. तिथलं मांस मेलेलं होतं.

मग माझ्याकडे वळल्या. "साखरेचं इंजेक्शन चालू आहे?"

दारात चार बायका. घरात घट. मी म्हटलं, "हो. रोज. मीच देतो."

हिने उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

बाई ज्या रिक्षाने आल्या होत्या त्याच रिक्षाने आम्ही काशीमीऱ्याला. बाईंनी हिच्या टाळूवरून आणि नाकातून थोडं खरवडून काचेवर घेतलं, पोटॅशचं पाणी टाकलं, स्पिरिटच्या दिव्यावर काच जराशी शेकली आणि डोळा लावला. बोट वर. ट्रक. बोट खाली. परत वर. मी भिंतीला टेकून उभा. एवढे ट्रक त्या हायवेवरून कधी गेले नसतील.

"ये, बघ," बाई म्हणाल्या. ह्या वेळी पापण्या दिसल्या नाहीत. रुंद फिती होत्या, शेवयांसारख्या वेड्यावाकड्या, आणि जिथे फांदी फुटली होती तिथे बरोबर काटकोनात, गवंड्याने गुण्या लावल्यासारखी. "हीच ती," बाई हळू म्हणाल्या. "जगभर लोकांची तोंडं उघडत फिरले मी."

नाक्यावरून टॅक्सी केली. मुंबईला, बाईंच्या जुन्या दवाखान्यात. बाई पुढच्या सीटवर, ती काच रुमालात गुंडाळून मांडीवर, प्रसाद नेतात तशी.

तिथे हिला सलाईन लावलं, साखर उतरवायला घेतली, आणि पिवळ्या औषधाची बाटली चढवली. तिला वरून काळा कागद गुंडाळलेला, उजेडात बिघडतं म्हणून. ते औषध बुरशीला मारतं पण माणसालाही सोडत नाही. बाटली लावली की तासाभरात हिला अशी थंडी भरायची की खाट वाजायची. किडनीवर जातं म्हणून रोज रक्त तपासायचं. आणि नुसत्या औषधाने भागत नाही. मेलेलं सगळं कापून काढायला लागतं, बाईंच्या भिंतीसारखं, खाली जिवंत लागेपर्यंत.

पण मोठे डॉक्टर कापायला घेईनात. त्यांनीही मला तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं, हो, रोज, एकही दिवस चुकला नाही. तिसऱ्यांदा खोटं बोलताना काही वाटत नाही, चुन्याच्या तिसऱ्या हातासारखं सरसर जातं. ते म्हणाले, इंजेक्शन रोज चालू असताना साखर अशी फुटली आणि वर ही बुरशी, म्हणजे आत दुसरं काहीतरी मोठं आहे, रक्ताचा कॅन्सर असेल. आधी हाडातलं पाणी काढून तपासू, दोन-तीन दिवस जातील. तसं असेल तर चेहरा कापून पेशंटला त्रास कशाला द्यायचा.

बाई त्यांच्याशी भांडून आल्या. म्हणाल्या, ही बुरशी तीन दिवस थांबत नाही. पण रिटायर झालेल्या माणसाचं कोण ऐकतं. मग येऊन माझ्याशेजारी बाकावर बसल्या. कधी नव्हे त्या पाठीत वाकलेल्या.

"रंगारी," म्हणाल्या, "मला काही जुळत नाहीये. दुसरा आजार नाही, कसली औषधं नाहीत, इंजेक्शन रोज. दार उघडं नसताना ही बुरशी घरात येत नाही. इतक्या वर्षांत आलेली बघितली नाही मी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझंच चुकलं असेल. ट्रक जात होते, डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. ते औषध विष आहे, मी उगाच तिच्या अंगात घालायला लावलं असेल. त्यांना सांगते, तूर्त बंद करा. घरी जाऊन काच परत बघते." आणि उठल्या.

मी खूप खोटं बोललोय आयुष्यात. प्लास्टिक सांगून डिस्टेंपर मारलाय. पण लोक माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून ते खोटं चालून जातं. ही बाई माझ्या शब्दाखातर स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेत होती. चौथी पास माणसाच्या एका 'हो'वर.

मी त्यांच्या पदराला धरलं. अक्षरशः धरलं, लहान पोरासारखं. "बाई, आठ दिवस इंजेक्शन दिलं नाही," मी म्हटलं. गाय, नवरात्र, माझी गंमत, माझी झोप, सगळं सांगितलं. डोळे मिटून घेतले. थोबाडीत बसणार म्हणून वाट बघत होतो.

काही बसेना म्हणून डोळे उघडले, तर बाई हसत होत्या. तोंडभर. त्या बाकावरचं हसणं मी विसरणार नाही. म्हणाल्या, "दार तू उघडलंस होय रे. मग वाचेल ती."

मला काही कळेना.

"अरे मूर्खा, कॅन्सर मला परत पाठवता येत नाही. तुझा मूर्खपणा येतो. साखर उतरली की बुरशीचा आधार गेला. तुझ्यासारखा नवरा आहे म्हणून जगेल ती."

आणि माझ्या शर्टाची कॉलर धरून मला डॉक्टरांच्या खोलीत नेलं. आत सात-आठ जण, त्यात शिकाऊ मुली. "सांग ह्यांना," बाई म्हणाल्या, "गाईपासून सांग." मी गाईपासून सांगितलं. एक शिकाऊ मुलगी वहीआड तोंड घालून हसली. मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "थिएटर तयार करा." संध्याकाळी हिला आत नेलं. उजवा डोळा आणि अर्धी टाळू काढावी लागेल असा कागद माझ्यापुढे ठेवला. मला सही येते, तेवढंच येतं. केली.

ही शुद्धीवर आली तेव्हा अर्ध्या चेहऱ्यावर पट्ट्या. तोंडातून शब्द नाकात जात होते. पहिलं काय विचारलं, तर, "टोचलं का?"

"हो," मी म्हटलं. "दिवसातून चार वेळा." आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं आणि त्याचं फळ असं, की हिने दंड छातीशी घट्ट धरला. नर्स आली, परत गेली. डॉक्टर आले, समजावून गेले. मी पाया पडलो. ही हलली नाही.

मग बाई आल्या. खाटेवर हिच्या पायांशी बसल्या. म्हणाल्या, "गाईचं दूध चहात घेता ना?"

ही नाकातून म्हणाली, "दूध गाय देते. हे तिला मारून काढतात."

बाईंनी विचार केला. मला वाटलं आता काहीतरी शास्त्रातलं काढतील. तर म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

नर्स ट्रे घेऊन उभीच होती. बाई म्हणाल्या, "असं करा. पाप माझ्या नावावर टाका. मी एकटी आहे, मागे कोणी नाही. माझ्याकडे जागा भरपूर आहे."

हिने एका डोळ्याने बाईंकडे बघितलं. मग दंड पुढे केला.

दीड महिना ते पिवळं औषध चाललं. मध्ये किडनीने मान टाकली म्हणून दोनदा थांबवलं, परत सुरू केलं. बाई रोज यायच्या. आधी हिच्या तोंडाचा वास घ्यायच्या, मग कागद बघायच्या. घरी आल्यावर टाळूला प्लेट बसवली. ती प्लेट काढली की हिचं बोलणं कोणाला कळायचं नाही, आणि भांडताना ती बरोबर काढायची. मला उत्तर देता यायचं नाही. रोज सकाळी सुई टोचण्याआधी ही म्हणायची, "बाईंच्या नावानं." मी टोचायचो. परत एक दिवस चुकवला नाही. ते दारही रंगवून दिलं, तीन हात.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा बाईंनी लॅबोरेटरी बंद केली. डोळे अधू झाले होते. भाचीकडे नागपूरला निघाल्या होत्या, म्हणून आम्ही दोघं सिल्व्हर पार्कला भेटायला गेलो. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आता जनावराचं नाही, नवीन इन्शुलिन आलंय, हिला तेच देतोय. बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं पाप संपलं." ही म्हणाली, "आधीचं आहेच की." बाई खूप हसल्या.

मग हसता हसता एकदम हिला विचारलं, "बाई, एक राहिलंय विचारायचं. त्या दिवशी तुमच्या घरी हा माझ्यासमोर खोटं बोलला. तुम्ही शुद्धीत होतात. गप्प का राहिलात?"

मी चहाच्या कपात बघायला लागलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कधी हिला विचारला नव्हता.

ही म्हणाली, "दारात चार बायका होत्या. त्यांच्यासमोर ह्यांना खोटं कसं पाडायचं?"

"आणि मेला असतात तर?"

हिने जिभेने प्लेट जरा वर सारली, शब्द नीट यावेत म्हणून. "तेव्हा तेवढं सुचलं नाही. नंतर पडल्या पडल्या सुचलं. म्हटलं, मरून चालायचं नाही. ह्यांना साधा भात लावता येत नाही."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि तो पुसतच राहिल्या.

त्यानंतर मी भात शिकलो नाही. मुद्दाम. ही तापाने पडली तर हॉटेलातून आणला, मालकीणबाईंकडे ताट घेऊन गेलो, पण कुकरला हात लावला नाही. ही चिडायची, म्हणायची, एवढा बाप्या माणूस, दोन वाट्या तांदूळ धुता येत नाहीत. मी म्हणायचो, नाही येत बुवा. वीसेक वर्षं असंच निभावलं.

आठ महिन्यांपूर्वी शिकलो. काही अवघड नसतं त्यात.